वटवाघूळ व हरिता : तुलना

बुलढाणा जिल्ह्यात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो आणि पूर्णेच्या खोऱ्यात उन्हाळ्यात पारा 45° से.च्या आसपास जातो. अशा हवेत तगून राहण्याच्या दोन अगदी विरुद्ध रीती मोठे वटवाघूळ (टेरोपस मेडियस) आणि हायोफिला इन्व्होल्यूटा ही हरिता (मॉस) यांच्या तुलनेतून दिसतात.

शरीर : वटवाघूळ हा उडणारा सस्तन प्राणी. लांबलेल्या बोटांमधील कातडीचे त्याचे पंख पसरले की 1 मी.पेक्षा अधिक भरतात. हरिता जेमतेम 1 सेंमी. उंच. तिला खरी मुळे किंवा जलवाहिन्या नसतात. केसासारखी मूलाभे तिला दगडाला धरून ठेवतात. वटवाघळाच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, तर हरितेच्या हिरव्या देहात एकच.

पाणी व उष्णता : वटवाघळाचे शरीर पाणी व तापमान स्थिर राखते. दुपारी ते पंखांनी वारा घेते, अंग चाटते. पाण्यावरून उडताना छाती भिजवून केसांतील पाणी चाटते. उष्णतेची लाट असह्य झाली तर मात्र ते मरते. हरिता असे काहीच राखत नाही. पाणी आटले की तिची पाने कडांनी आत वळतात व चयापचय जवळजवळ थांबतो. पाऊस पडताच पाने उलगडून ती पुन्हा अन्न तयार करू लागते.

प्रजनन व प्रसार : वटवाघळाची मादी वर्षाला बहुधा एकच पिलू देते. वड, उंबर यांची फळे खाऊन ते बिया दूरवर टाकते. हरितेच्या पुंयुग्मकांना अंड्यापर्यंत पोहण्यासाठी पाण्याचा थर लागतो. त्यामुळे ही जाती मुख्यतः पानांच्या बगलेतील सूक्ष्म मुकुलांनी वाढते.

अधिवास : वटवाघळे दिवसा वड, पिंपळ, चिंच अशा उंच झाडांवर थव्याने लटकतात. लोणारच्या विवरातील बारमाही धारेजवळचा ओला बेसाल्ट, विहिरींचे कठडे, जुन्या भिंती अशा जागा हरितांना मानवतात.

संरक्षण : 1972 च्या वन्यजीव कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती, 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूची रद्द झाली. जुनी झाडे तुटली तर वटवाघळांच्या वसाहती उठतात. झिरपणारा दगड सिमेंटने लिंपला तर हरितेची जागा जाते.