भिंत, वस्त्र आणि पोलादी आडपट्टी

जर्मन भाषेत भिंतीस ‘वांट’ व वस्त्रास ‘गेवांट’ म्हणतात. या दोन शब्दांच्या नात्याकडे गोटफ्रीट झेम्पर या वास्तुकाराने १८५१ मध्ये लक्ष वेधले. आद्य भिंत म्हणजे विणलेला पडदा होय, भार पेलणारा सांगाडा तिच्याहून निराळा, असे त्याचे प्रतिपादन होते. कोकणातील कुडाचे घर पाहिलेल्यास त्यात नवल वाटणार नाही. तेथे भिंत कामट्यांची व मातीच्या लिंपणाची; छपराचा भार मात्र मेढींवर.

शब्दांवर आधारलेल्या या विचारास लोखंडाने वेगळ्या वाटेने पुष्टी दिली. हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ साली लंडनमध्ये पन्हळी पत्र्याचे पेटंट घेतले. पुढे १८५८ ते १८६० या काळात शीरनेसच्या नौदल-गोदीत गॉडफ्री ग्रीन याने चार मजली नौकागार उभारले. दगडविटांच्या भिंतीचा आधार न घेता ते केवळ आपल्या सांध्यांच्या ताठपणावर उभे राहिले. बाहेरून खिडक्यांच्या रांगा आणि पन्हळी पत्रे एवढेच. मुंबईच्या वॉटसन हॉटेलची बीडाची चौकट त्यानंतरची, परंतु तिच्यात विटा भरलेल्या आहेत.

पत्रा पातळ आणि खांबांतील अंतर मोठे, म्हणून मध्ये आडपट्टी आली. तिचा खरा शत्रू पत्र्याचे वजन नव्हे, वारा होय. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. आडोशाच्या बाजूस तर वारा पत्रा आत न ढकलता बाहेर ओढतो. यास्तव पट्टीची रुंद बाजू आडवी, वाऱ्याच्या दिशेने ठेवतात. मग स्वतःच्या व पत्र्याच्या वजनाने ती खाली झुकू लागते, म्हणून तिला उभ्या सळ्यांनी वरच्या तुळईस टांगावे लागते!

पातळ पोलादी पत्रा थंड स्थितीत वाकवून केलेल्या पट्ट्यांचे गणित त्याहून अवघड. असा पत्रा दाबाखाली जागोजाग सुरकुततो, तरी तत्काळ निकामी होत नाही. कॉर्नेल विद्यापीठात जॉर्ज विंटर याने १९३९ पासून या उरलेल्या बळाचा अभ्यास केला. १९४६ मध्ये अमेरिकेत त्यावरून पहिली नियमावली निघाली. झेड आकाराच्या पट्ट्यांची टोके खांबावर एकमेकींत बसतात व दोन पट्ट्या एकीप्रमाणे वागतात, ही सोय लहान नव्हे.

इंग्रजीत या पट्टीस ‘गर्ट’ म्हणतात. तो कंबरपट्ट्याच्या ‘गर्डल’ या शब्दाचा सगोत्र आहे. मराठीत बांधकामावर छपराचाच ‘पर्लिन’ हा शब्द भिंतीच्या पट्टीलाही लावलेला पुष्कळदा ऐकू येतो.