संत्र्यांवरची जकात आणि सत्तर अब्जांचे कर्ज : पोर्तो रिकोची त्रिशंकू अवस्था

१/
नोव्हेंबर १९००. कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको बेटाच्या सान हुआन बंदरातून निघालेली संत्री न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली. जकात अधिकाऱ्याने त्यांवर ६५९ डॉलर ३५ सेंट आकारले. डाउन्स नावाच्या व्यापारी पेढीने निषेध नोंदवून रक्कम भरली आणि ती परत मिळावी म्हणून दावा दाखल केला. बेट आता अमेरिकेचे झाले आहे, मग देशातल्या देशात जकात कसली, एवढाच तिचा प्रश्न होता.

२/
त्या प्रश्नाला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०१ साली दिलेले उत्तर आजही उलटवले गेलेले नाही. बेटावर मोठ्या कंपन्यांना करमाफी कशी मिळाली, सरकारच्या डोक्यावर सत्तर अब्ज डॉलरांहून अधिक कर्ज कसे चढले आणि बेटाला घटक राज्याचा दर्जा का मिळत नाही, या तिन्ही धाग्यांचे टोक त्या संत्र्यांपाशी सापडते.

३/
पूर्वपीठिका अशी. पोर्तो रिको सुमारे चारशे वर्षे स्पेनच्या ताब्यात होते. नोव्हेंबर १८९७ मध्ये स्पेनने बेटाला स्वायत्ततेची सनद दिली. नव्या विधिमंडळाचे अधिवेशन १७ जुलै १८९८ रोजी भरले. त्यानंतर आठच दिवसांनी, २५ जुलैला, जनरल नेल्सन माइल्स यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकी फौज दक्षिण किनाऱ्यावरील ग्वानिका येथे उतरली. दीर्घ प्रतीक्षेनंतर हाती आलेली स्वायत्तता बाळसे धरण्याआधीच संपली.

४/
१० डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहाने बेट अमेरिकेकडे गेले. लुइझियाना १८०३ मध्ये विकत घेताना तेथील रहिवाशांना संघराज्यात सामावून घेण्याचे वचन तहात होते. पॅरिसच्या तहात तसे वचन नव्हते. बेटवासीयांचे नागरी हक्क आणि राजकीय दर्जा अमेरिकी संसद, म्हणजे काँग्रेस, ठरवील एवढेच त्यात नमूद होते. वाटाघाटींत बेटाचा प्रतिनिधी नव्हता.

५/
१९०० च्या फोरेकर कायद्याने लष्करी अंमल संपवून नागरी शासन आणले. गव्हर्नर मात्र वॉशिंग्टनहून नेमला जाणार होता. याच कायद्याने बेट आणि मुख्यभूमी यांच्यातील मालावर, परदेशी मालावरील जकातीच्या १५ टक्के एवढी तात्पुरती जकात बसवली. तिचे उत्पन्न बेटाच्याच तिजोरीत जाणार होते. परंतु अमेरिकी राज्यघटना सांगते की जकाती आणि अबकारी कर संपूर्ण देशात एकसमान असले पाहिजेत. डाउन्स पेढीने बोट ठेवले ते याच कलमावर.

६/
२७ मे १९०१ रोजी पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निकाल लागला : जकात वैध. पोर्तो रिको अमेरिकेच्या मालकीचे आहे, पण करांच्या एकसमानतेच्या कलमापुरते ते अमेरिकेचा भाग नाही. न्यायमूर्ती व्हाइट यांच्या मांडणीचा आशय असा की जगाच्या दृष्टीने हे बेट परके नाही, मात्र घरच्या दृष्टीने ते परकेच आहे. यातूनच ‘असमाविष्ट प्रदेश’ ही कायदेशीर कोटी जन्माला आली.

७/
या निकालामागची मनोभूमिका लपलेली नव्हती. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती ब्राउन यांनी परक्या वंशांच्या लोकांना अँग्लो-सॅक्सन तत्त्वांनी करआकारणी आणि न्यायदान लागू करणे काही काळ अशक्य ठरेल, अशी भीती व्यक्त केली. १८९६ मध्ये कृष्णवर्णीयांना वेगळे डबे देणे वैध ठरवणाऱ्या कुप्रसिद्ध प्लेसी खटल्याचे निकालपत्रही त्यांचेच. दोन्ही वेळा न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत नोंदवले.

८/
कायद्यातील शब्दाचे वजन किती असते, हे हवाई बेटांच्या उदाहरणावरून दिसते. हवाईचे सामिलीकरणही १८९८ चेच. पण हवाई ‘समाविष्ट’ प्रदेश ठरला आणि १९५९ मध्ये ५०वे राज्य बनला. पोर्तो रिको ‘असमाविष्ट’ राहिले. समाविष्ट प्रदेशाची वाट राज्यत्वाकडे जाते असे मानले जाई. असमाविष्ट प्रदेशाची वाट कोठे जाते, हे कोणी सांगितलेच नाही.

९/
२ मार्च १९१७ च्या जोन्स कायद्याने पोर्तो रिकोवासीयांना अमेरिकी नागरिकत्व दिले. इतिहासाच्या पुस्तकांत हा कायदा त्यासाठीच ओळखला जातो. त्याच कायद्यातील आणखी एक तरतूद सहसा दुर्लक्षित राहते : बेटाच्या सरकारने काढलेल्या कर्जरोख्यांच्या व्याजावर संघीय, राज्य किंवा स्थानिक असा कोणताही कर लागणार नाही.

१०/
ही तिहेरी करमाफी लहानसहान बाब नव्हती. न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदाराने दुसऱ्या एखाद्या राज्याचे रोखे घेतले तर त्यांच्या व्याजावर त्याला सहसा आपल्या राज्याचा कर भरावा लागतो. पोर्तो रिकोचे रोखे देशभरात कोठेही करमुक्त. त्यामुळे बेटाची परतफेडीची ऐपत किती, यापेक्षा आपला कर किती वाचतो, याकडे पाहून पैसा येऊ लागला. एकाच कायद्याने बेटवासीयांना नागरिकत्व दिले आणि त्यांच्या सरकारला सुलभ कर्जाची चटक लागण्याची सोयही केली.

११/
नागरिकत्व तरी पूर्ण होते का? १९२२ च्या बाल्झॅक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नागरिकत्व मिळाल्याने बेट ‘समाविष्ट’ होत नाही. हक्क ठरतात ते व्यक्तीवरून नव्हे, ती राहते त्या भूमीवरून. म्हणूनच सान हुआनचा रहिवासी फ्लोरिडाला गेला की राष्ट्राध्यक्ष निवडू शकतो, आणि फ्लोरिडाचा रहिवासी सान हुआनला स्थायिक झाला की तो हक्क गमावतो.

१२/
१९४८ मध्ये लुईस मुन्योस मारीन हे बेटाचे पहिले लोकनिर्वाचित गव्हर्नर ठरले. २५ जुलै १९५२ रोजी बेटाची स्वतःची घटना अमलात आली. अमेरिकी फौज उतरली ती तारीख या नव्या आरंभासाठी निवडली गेली. स्पॅनिशमध्ये या व्यवस्थेचे नाव ‘सहयोगी स्वतंत्र राज्य’. प्रत्यक्षात ना स्वातंत्र्य, ना घटक राज्याचा दर्जा; आणि अंतिम अधिकार पूर्वीप्रमाणे वॉशिंग्टनमध्येच.

१३/
त्या घटनेतील एका कलमाचे महत्त्व पुढे साठ वर्षांनी कळले. उपलब्ध निधी अपुरा पडल्यास सर्वांत आधी सार्वजनिक कर्जाचे व्याज आणि मुद्दल चुकते करावे, असे ते कलम सांगते. शिक्षकांचे पगार, रुग्णालये, निवृत्तिवेतन हे सारे त्यानंतर. सावकाराला याहून भक्कम हमी कोणती हवी?

१४/
दुसरीकडे उद्योग आणण्यासाठीही करमाफीचेच आमिष होते. १९७६ मध्ये संघीय करसंहितेत ९३६वे कलम आले. त्यामुळे अमेरिकी कंपन्यांचा पोर्तो रिकोतील नफा संघीय करातून जवळजवळ सुटला. औषध कंपन्यांनी बेटावर मोठमोठे कारखाने उभारले. एखाद्या घटक राज्याला अशी सवलत देता आली नसती, कारण तेथे एकसमानतेचे कलम आडवे येते. जे कलम १९०१ मध्ये संत्र्यांना लागू झाले नाही, त्याच्याच अभावावर बेटाची औद्योगिक भरभराट उभी राहिली.

१५/
मात्र दिलेली सवलत काढून घेण्याचा अधिकारही देणाऱ्याकडेच असतो. संघीय तिजोरीला मोठा भुर्दंड पडतो, त्या मानाने रोजगार थोडे, अशी टीका वाढत गेली. बेटावरील राज्यत्ववादी नेतृत्वालाही ही सवलत आपल्या वाटेतील अडसर वाटे. १९९६ मध्ये अमेरिकी संसदेने ती दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले. ज्या प्रतिनिधिगृहात हे ठरले, तेथे बेटाचा एकच प्रतिनिधी बसतो आणि विधेयकावरील अंतिम मतदानात त्याला मत नसते.

१६/
२००६ मध्ये सवलत संपली आणि त्याच वर्षी बेट दीर्घ मंदीत सापडले. मे महिन्यात तिजोरी रिकामी झाल्याने सरकारी कार्यालये आणि शाळा सुमारे दोन आठवडे बंद राहिल्या. यानंतर स्थानिक राज्यकर्त्यांनी जे केले त्याचा दोष वॉशिंग्टनवर टाकता येत नाही. विक्रीकर लागू झाला, आणि त्याच्या उत्पन्नावर आधारलेले रोखे वेगळ्या महामंडळामार्फत काढले गेले. ते घटनेतील कर्जमर्यादेत धरले जात नव्हते. रोजच्या खर्चातील तूट नव्या कर्जाने आणि जुने कर्ज आणखी नव्या कर्जाने भागवले गेले. ऋण काढून सण साजरा होत होता. दोन्ही प्रमुख पक्ष त्यात सामील होते.

१७/
फेब्रुवारी २०१४ मध्ये पतमापन संस्थांनी बेटाच्या रोख्यांची पत गुंतवणुकीस अयोग्य अशा पातळीवर आणली. जून २०१५ मध्ये गव्हर्नर अलेहान्द्रो गार्सिया पादिया यांनी हे कर्ज फेडता येण्याजोगे नाही, असे उघडपणे सांगितले. आकडा सुमारे ७२ अब्ज डॉलर होता. निवृत्तिवेतनाची सुमारे ५० अब्जांची देणी निराळी. बेटाची लोकसंख्या तेव्हा ३५ लाखांच्या आसपास होती.

१८/
डेट्रॉइट शहराने २०१३ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेऊन कर्जाची फेररचना केली होती. पोर्तो रिकोतील नगरपालिका आणि वीजमंडळासारख्या संस्थांना ते दार बंद होते. १९८४ मध्ये अमेरिकी संसदेने दिवाळखोरी कायद्यातील एका व्याख्येतून बेटाला वगळले होते. बेटाने २०१४ मध्ये स्वतःचा कायदा केला. १३ जून २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला : संघीय कायद्याचा लाभ मिळणार नाही, आणि स्वतःचा कायदाही करता येणार नाही.

१९/
जून २०१६ हा महिना या इतिहासात वेगळा काढावा लागेल. ९ जूनला न्यायालयाने एका फौजदारी खटल्यात म्हटले होते की बेटाच्या सत्तेचा मूळ स्रोत अमेरिकी संसद हाच आहे. ३० जूनला राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी ‘प्रोमेसा’ कायद्यावर सही केली. कर्जाच्या फेररचनेचा मार्ग त्याने खुला केला, पण बेटाच्या अर्थसंकल्पावर सात सदस्यांचे वित्तीय मंडळ बसवले. सदस्यांची निवड वॉशिंग्टनची, मंडळाचा खर्च बेटाचा. दुसऱ्याच दिवशी, १ जुलैला, सुमारे दोन अब्ज डॉलरांचा हप्ता थकला.

२०/
स्थानिक लोक या मंडळाला ‘ला हुन्ता’ म्हणतात. त्याच्या काळात विद्यापीठाचे अनुदान घटले आणि शुल्क वाढले. लोकसंख्येची गळती आणि काटकसर यांच्या कात्रीत शेकडो शाळा बंद झाल्या. त्यातच २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया चक्रीवादळ आले आणि साऱ्या बेटाची वीज गेली. मृतांचा अधिकृत आकडा प्रथम ६४ होता. पुढच्या वर्षी तो २,९७५ असा सुधारण्यात आला. २०१० ते २०२० या दशकात बेटाची लोकसंख्या सुमारे १२ टक्क्यांनी घटली.

२१/
जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने कर्जफेररचनेचा आराखडा मंजूर केला. बेट सरकारवरील सुमारे ३३ अब्जांचे दावे सुमारे ७.४ अब्जांवर आले. निवृत्तिवेतनात कपात करण्याचा मंडळाचा आग्रह होता, तो विरोधामुळे मागे पडला. वीजमंडळाचे कर्ज मात्र या तडजोडीबाहेर राहिले. आणि मंडळ? सलग चार वर्षे संतुलित अर्थसंकल्प आणि वाजवी दराने कर्ज मिळण्याची पत, या दोन्ही अटी पूर्ण झाल्याशिवाय ते विसर्जित होत नाही.

२२/
आता करांकडे. बेटावरील रहिवासी तेथील उत्पन्नावर सामान्यतः संघीय आयकर भरत नाहीत. बेट सरकारचा आयकर मात्र भरतात. सामाजिक सुरक्षा आणि वृद्धांच्या आरोग्यविम्यासाठी पगारातून होणारी संघीय कपात त्यांनाही लागू आहे. २०१५ पासून विक्रीकर ११.५ टक्के आहे. ‘कर न भरणारे बेट’ हे वर्णन त्यामुळे अर्धेच खरे.

२३/
तरीही हेच वर्णन न्यायालयात निर्णायक ठरते. न्यूयॉर्कमध्ये असताना अपंगत्वामुळे संघीय साहाय्य मिळणारा एक नागरिक २०१३ मध्ये पोर्तो रिकोला राहायला गेला. तेथे तो अपात्र, म्हणून सरकारने २८,०८१ डॉलर परत मागितले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. कारण : बेटवासी बहुतेक संघीय कर भरत नाहीत. ज्यांना हे साहाय्य मिळते ते इतके गरीब असतात की कोणत्याही राज्यात राहिले तरी त्यांना कर क्वचितच लागेल, याकडे न्यायमूर्ती सोनिया सोतोमायोर यांनी एकाकी विरोधी मतात लक्ष वेधले. त्यांचे आईवडील पोर्तो रिकोचे.

२४/
घटक राज्य झाल्यास दोन सिनेटर, प्रतिनिधिगृहात मतदानाचा अधिकार असलेले सदस्य, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत आणि संघीय साहाय्यात समान वाटा मिळेल. त्याबरोबर एकसमानतेचे कलमही लागू होईल आणि करसवलतींचे हत्यार जाईल. १९६७ च्या जनमत चाचणीत ६० टक्क्यांनी ‘सहयोगी राज्या’चीच निवड केली होती. कर्जसंकटाने त्या पर्यायाची झळाळी उतरली. २०१७ मध्ये ९७ टक्के मते राज्यत्वाला पडली, पण विरोधकांच्या बहिष्कारामुळे मतदान अवघे २३ टक्के झाले. २०२० मध्ये सरळ प्रश्नाला ५२.५ टक्क्यांनी होकार दिला. २०२४ मध्येही राज्यत्व आघाडीवर राहिले.

२५/
यांपैकी एकही कौल अमेरिकी संसदेला बंधनकारक नाही. डिसेंबर २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने बंधनकारक जनमताचे विधेयक २३३ विरुद्ध १९१ मतांनी मंजूर केले. सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही. बेटावरही एकमत नाही : कोणाला स्वातंत्र्य हवे, कोणाला सहयोगी सार्वभौमत्व, कोणाला ५१वे राज्य. या मतभेदांचा निवाडा बेटावरच झाला तरी अंतिम शब्द दुसऱ्या कोणाचा तरी राहणार, हीच खरी कोंडी.

२६/
संत्र्यांवरची ती जकात १९०१ मध्येच उठली. तिच्यासाठी उभारलेला युक्तिवाद मात्र टिकला. त्यानेच बेटाला करमाफी दिली, त्यानेच ती काढून घेण्याची मुभा दिली. कर्ज सुलभ केले आणि कर्जातून सुटण्याचे दार बंद ठेवले. २०२२ च्या निकालात न्यायमूर्ती गोर्सच यांनी स्वतंत्र मत लिहून १९०१ च्या त्या निकालांना घटनेत आधार नाही, असे स्पष्टपणे म्हटले. तरीही ते निकाल अद्याप उलटवले गेलेले नाहीत.