वाय-फाय जोडले, पण पत्ता मिळेना!

कार्यालयातील वाय-फायच्या नावाखाली ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ ही ओळ मोबाइलच्या पडद्यावर रेंगाळते आणि काही क्षणांत जोडणी तुटते. पासवर्ड अचूक असतो. शेजारच्या सहकाऱ्याचा फोन त्याच वेळी सुरळीत चालू असतो. साहजिकच संशय आपल्या फोनवर जातो. मग तो बंद करून पुन्हा चालू केला जातो, त्यातील सेटिंग पुसली जातात, प्रसंगी तो दुरुस्तीलाही धाडला जातो. बहुतेक वेळा हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार असतो, कारण बिघाड असतो तो पत्त्यांचे वाटप करणाऱ्या कार्यालयीन यंत्रणेत.

नेटवर्कमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक उपकरणाला एक आकडी पत्ता लागतो. तो आपोआप देणाऱ्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. तिचे प्रचलित मानक १९९७ सालचे आहे. फोन पुकारा करतो, सर्व्हर एखादा पत्ता देऊ करतो, फोन तो मागून घेतो आणि सर्व्हर त्यावर शिक्कामोर्तब करतो. हा पत्ता मालकीचा नसतो, तर ठराविक मुदतीच्या भाडेपट्ट्यावर, म्हणजे ‘लीज’वर मिळतो. निम्मी मुदत उलटली की फोनने नूतनीकरण मागायचे आणि मुदत संपूनही ते न झाल्यास पत्ता सोडायचा, असा नियम आहे.

तपासाचा आरंभ पत्ता वाचण्यापासून करावा. वाय-फायच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या नावापुढील चिन्ह दाबले की तो दिसतो. आयफोन वा विंडोज लॅपटॉपवर तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर सर्व्हरने उत्तरच दिले नाही, असे समजावे. हा पत्ता उपकरणाने नाइलाजाने स्वतःच स्वतःला दिलेला असतो. अँड्रॉइड फोन सहसा अशा वेळी जोडणीच सोडून देतो. पत्ता सहकाऱ्यांच्या पत्त्यांशी जुळणारा असूनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर शोध अन्यत्र, डीएनएस किंवा बाहेरच्या लाइनमध्ये घ्यावा.

सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे पत्त्यांचा साठा संपणे. लहान कार्यालयांत बहुधा २५४ पत्त्यांचेच नेटवर्क असते आणि त्यातला एक राउटरकडेच जातो. आता ८० कर्मचाऱ्यांचे कार्यालय घेऊ. प्रत्येकाचा एक फोन व एक लॅपटॉप धरल्यास १६० पत्ते झाले. प्रिंटर, कॅमेरे, हजेरीचे यंत्र, काहींच्या मनगटावरील घड्याळे मिळून २० धरा. विंडोज सर्व्हरवर लीजची मुदत मुळात ८ दिवसांची असते. रोज २० नवे अभ्यागत आले, तर पाच दिवसांत आणखी १०० पत्ते अडकतात. दहा मिनिटांसाठी आलेला कुरियरवाला आठवडाभर जागा अडवून बसतो, तो असा! मात्र फटका सर्वांना बसत नाही. ज्यांचा पट्टा चालू आहे त्यांचे नूतनीकरण होत राहते; अडतो तो दीर्घ रजेवरून परतलेला किंवा नवा फोन घेतलेला कर्मचारी. नव्या फोनवर नाहक आळ येतो, त्याचे कारण हेच.

या टंचाईत अलीकडे एका सोयीची भर पडली आहे. माग काढणाऱ्यांपासून बचाव व्हावा म्हणून २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक क्रमांक लपवून बनावट क्रमांक सांगतात. सर्व्हर उपकरणाला सहसा याच क्रमांकावरून ओळखतो. क्रमांक बदलला की तोच फोन त्याला नवा पाहुणा वाटतो आणि तो आणखी एक पत्ता देऊन बसतो. ठराविक मॅक क्रमांकांनाच प्रवेश असलेल्या कार्यालयात तर असा फोन दारातच अडतो. क्रमांकातील दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असल्यास तो बनावट समजावा. घराबाहेर हा बुरखा अवश्य असावा. विश्वासाच्या कार्यालयीन नेटवर्कपुरता, व्यवस्थापकाने सांगितल्यास, तो उतरवण्यास हरकत नाही.

फोन नेहमीच निर्दोष असतो असेही नाही. एप्रिल २०१० मध्ये आयपॅड बाजारात आला, तेव्हा अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाला असे आढळले की काही आयपॅड लीज संपल्यावरही जुनाच पत्ता वापरत राहतात. तोच पत्ता दुसऱ्याला दिला गेला की दोघांचा संघर्ष होई. अखेर विद्यापीठाने अशा काही आयपॅडना नेटवर्कबाहेर ठेवले.

हाच संघर्ष आपण स्वतःही ओढवून घेतो. ‘स्टॅटिक’ पर्याय निवडून हाताने पत्ता भरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घातक आहे. आपले काम चालू होते, पण तोच पत्ता सर्व्हरने ज्याला दिला असेल त्याचे थांबते, आणि त्याला कारण कळत नाही. प्रिंटरसारख्या स्थिर यंत्रांचे पत्ते सर्व्हरवरच राखून ठेवावेत.

एखाद्याने घरचा राउटर आणून कार्यालयाच्या तारेला जोडला, तर तोही पत्ते वाटू लागतो. कार्यालयाचे पत्ते १० ने सुरू होणारे आणि आपल्या फोनवर मात्र १९२.१६८ दिसत असेल, तर असा आगंतुक शोधावा. चांगल्या स्विचमधील ‘डीएचसीपी स्नूपिंग’ ही सोय त्याला परस्पर रोखते.

टंचाईवरील उपाय व्यवस्थापकाच्या हाती आहेत. पाहुण्यांचे नेटवर्क वेगळे करून तेथील लीज दोन-चार तासांची ठेवावी. कर्मचाऱ्यांसाठी ती एका दिवसाची पुरते. तरीही साठा अपुरा पडल्यास मास्क बदलून ५१० पत्त्यांची सोय करता येते. तक्रार नोंदवताना ‘नेट चालत नाही’ एवढेच न लिहिता वेळ, फोनवर दिसलेला पत्ता, मॅक क्रमांक आणि शेजाऱ्याचा फोन चालतो की नाही, हे चार तपशील द्यावेत. सर्व्हरच्या नोंदींत नेमकी जागा त्यांवरूनच सापडते.