कॉकटेलचे पेले

जिन, रम, व्होडका यांसारख्या तीव्र मद्यात फळांचा रस, साखरेचा पाक, कडवट अर्क किंवा सोडा मिसळून केलेल्या पेयास कॉकटेल म्हणतात. ते पिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पेल्यांचे प्रकार पुष्कळ असले, तरी घरगुती वापरासाठी निवड करताना दोनच प्रश्न महत्त्वाचे ठरतात : तयार पेय किती भरते आणि पिताना त्यात बर्फ असतो की नाही.

डायकिरी, मार्टिनी, मॅनहॅटन ही पेये बर्फासह घुसळून किंवा ढवळून, मग गाळून, बर्फाशिवाय दिली जातात. ती लवकर कोमट होऊ नयेत म्हणून त्यांना दांडीचा पेला लागतो, कारण दांडी धरल्याने हाताची ऊब पेयापर्यंत पोहोचत नाही. डायकिरीत ६० मिलि. रम, ३० मिलि. लिंबाचा रस व २० मिलि. पाक घेतला आणि घुसळताना वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने ते सुमारे पाव हिश्शाने वाढले, तरी पेय १४० मिलि.च्या आसपासच भरते. मार्टिनी तर १०० मिलि.पर्यंतच जाते. त्यामुळे १५० ते १८० मिलि.चा पेला पुरेसा होतो. १९९० च्या दशकात फोफावलेले २५० मिलि.हून मोठे, नरसाळ्याच्या आकाराचे मार्टिनी-पेले घरासाठी गैरसोयीचेच आहेत : ते हिंदकळतात आणि रिकामे दिसू नयेत म्हणून यजमान माप वाढवतो, परिणामी मद्य दुप्पट होते व उरलेले अर्धे पेय कोमट होते. त्यांच्याऐवजी उथळ व गोलसर ‘कूप’ किंवा त्याहून थोडा खोल ‘निक अँड नोरा’ पेला घ्यावा. यांपैकी दुसऱ्याचे नाव ‘द थिन मॅन’ (१९३४) या चित्रपटातील दांपत्यावरून पडले आहे. कूप मूळचा शॅम्पेनचा. पण पसरट तोंडातून वायू लवकर निघून जातो म्हणून शॅम्पेनसाठी तो मागे पडला आणि कॉकटेलसाठी टिकला.

बर्फासह प्यायच्या पेयांसाठी दांडीची गरज नसते. ओल्ड फॅशन्डसारख्या मद्यप्रधान पेयाला जाड बुडाचा, बुटका, ३०० मिलि.पर्यंतचा पेला योग्य, कारण त्यात बर्फाचा एकच मोठा खडा मावतो आणि आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी असल्यामुळे तो सावकाश वितळतो. सोडा किंवा टॉनिक घातलेल्या पेयांसाठी ३०० ते ३५० मिलि.चा उंच, अरुंद पेला (हायबॉल) वापरतात. अरुंद तोंडामुळे बुडबुडे अधिक काळ टिकतात. तो काठापर्यंत बर्फाने भरावा. बर्फ कमी घातल्यास तो लवकर विरघळून पेय पाणचट होते. गोव्यात उन्हाळ्यात काजूच्या बोंडांपासून गाळलेला हुर्राक लिंबाच्या सोड्याबरोबर, मीठ व चिरलेली हिरवी मिरची घालून पितात, त्यालाही हाच पेला सोयीचा.

मॉस्को म्यूल (व्होडका, आल्याचे फसफसते पेय व लिंबू) तांब्याच्या मगात देण्याची प्रथा १९४० च्या दशकात अमेरिकेत रुजली. आंबट द्रवात तांबे उतरते. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकते ते याच कारणाने. म्हणून मगाला आतून कल्हईचा किंवा पोलादाचा थर असल्याची खात्री करून घ्यावी, अन्यथा काचेचा उंच पेलाच बरा. मार्गारिटाचा स्वतंत्र पेला मात्र निव्वळ हौसेचा भाग आहे. बुटक्या पेल्याच्या काठाला लिंबू फिरवून मीठ लावले की काम भागते.

चार माणसांच्या घरी दांडीचा, बुटका व उंच या तिन्ही प्रकारांचे चार-चार पेले पुरतात. पातळ काठाची साधी सोडा-काच रोजच्या वापराला चांगली. शिसेयुक्त क्रिस्टलच्या सुरईत मद्य साठवून ठेवू नये. दांडीचे पेले वापरण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावेत. तेलकटपणा किंवा साबणाचा अंश राहिल्यास फेस नीट धरत नाही, म्हणून ते वेगळ्या घासणीने धुवावेत. पेले एकात एक घालून ठेवल्यास अडकतात. तसे झाल्यास ओढाताण न करता आतल्या पेल्यात थंड पाणी घालून बाहेरचा कोमट पाण्यात धरावा, म्हणजे ते सुटतात.