आखडलेल्या पाठीची कुळकथा

1884 साली लायप्झिशच्या अडोल्फ श्ट्र्युम्पेल यांनी आपल्या वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात एका विचित्र आजाराला जेमतेम काही ओळी दिल्या. पाठीचा सगळा कणा आणि खुब्याचे सांधे हळूहळू जुळून जातात, डोके, धड आणि मांड्या मिळून एकच ताठ तुकडा होतो, आणि हे सारे वेदनेविना घडते, अशी ती नोंद. त्यांनी असे दोन रुग्ण पाहिले होते.

आज हाच आजार, अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, वर्षानुवर्षे पाठ दुखण्याचे कारण म्हणून ओळखला जातो. मग 'वेदनेविना' कसे? श्ट्र्युम्पेल यांच्यापुढे बहुधा दुखणे सोसून झालेली माणसे आली असावीत. हाडे एकदा जुळली की ठणका पुष्कळदा ओसरतो. डॉक्टरांना आजार दिसला तो शेवटाकडून. पुढची सव्वाशे वर्षे त्याची सुरुवात शोधण्यातच गेली.

गंमत अशी की जर्मनीत या आजाराला नाव मिळाले ते एका रशियन माणसाचे. मज्जासंस्थेचे अभ्यासक व्लादिमिर बेख्तेरेव 1884 मध्येच शिकायला लायप्झिशला आले होते. त्यांनी 1893 मध्ये कण्याच्या ताठरपणावर लेख लिहिला. श्ट्र्युम्पेल, तोवर एर्लांगनला गेलेले, 1897 मध्ये पुन्हा सविस्तर लिहिते झाले. 1898 मध्ये पॅरिसच्या पिएर मारींनी भर घातली. आजच्या आजाराशी या दोघांचे वर्णन अधिक जुळते. बेख्तेरेव यांच्या काही रुग्णांना नेमका हाच आजार होता का, याची शंका इतिहासकार घेतात, तरी जर्मन रुग्ण आजही 'मला बेख्तेरेव आहे' असेच सांगतो.

एर्लांगनपासून फार लांब नसलेल्या व्युर्त्सबुर्गला 1895 मध्ये राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि जिवंत माणसाचा कणा दिसू लागला. पुढे जुळलेल्या मणक्यांच्या चित्राला 'बांबू स्पाइन' हे नाव पडले. पण मणक्यांचा बांबू व्हायला वर्षे लागतात. त्याआधी कंबरेच्या तळाशी, त्रिकास्थी आणि नितंबाचे हाड जिथे भेटतात त्या सांध्यात सूज असते, ती साध्या क्ष-किरण चित्रात उमटत नाही.

उपचारांचा इतिहास तर अंगावर काटा आणणारा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत क्षयाच्या आणि या आजाराच्या रुग्णांना, त्यांत मुलेही होती, रेडियम-224 ची इंजेक्शने दिली गेली. पुढे लक्ष ठेवलेल्या सुमारे 900 जणांपैकी पन्नासहून अधिकांना हाडांचा कर्करोग झाला. ब्रिटनमध्ये क्ष-किरणांनी पाठ शेकलेल्या रुग्णांत रक्ताचा कर्करोग वाढल्याचे 1957 मध्ये दिसले. दुखणे थांबवण्याची घाई किती महागात पडली, ते सांगायला आणखी दाखले नकोत.

1973 मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिसच्या गटांनी या आजाराचे एचएलए-बी27 या वारशाने येणाऱ्या खुणेशी असलेले नाते उघड केले. मात्र ही खूण असलेल्या बहुतेकांना आजार होतच नाही, त्यामुळे निव्वळ रक्ततपासणी हातात धरून घाबरण्यात अर्थ नाही.

खरे वळण बर्लिनमध्ये आले. युर्गेन ब्राउन, योआखिम झीपर आणि सहकाऱ्यांनी मोजक्या रुग्णांच्या कंबरेच्या त्या तळच्या सांध्यातून सुईने ऊतक काढले. 1995 मध्ये त्यात टीएनएफ या दाहकारक रेणूच्या खुणा सापडल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. मग टीएनएफला अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब वापरून पाहणे ओघानेच आले. 2002 मध्ये छापलेल्या चाचणीत 12 आठवड्यांनी औषध घेतलेल्यांपैकी 53 टक्के लोकांचा आजार निम्म्याने किंवा अधिक उतरला होता. औषध न मिळालेल्यांत असे फक्त 9 टक्के होते.

पण मला त्याच बर्लिनचे 2006 मधले काम अधिक मोलाचे वाटते, कारण त्याला यंत्र लागत नाही. मार्टिन रुडवालाइट आणि सहकाऱ्यांनी दीर्घ काळ पाठ दुखणाऱ्या पन्नाशीच्या आतल्या लोकांना विचारायचे चार प्रश्न निवडले. सकाळी पाठ अर्ध्या तासाहून अधिक आखडलेली असते का? हालचालीने बरे वाटते, पण विश्रांतीने नाही, असे होते का? दुखण्याने रात्रीच्या उत्तरार्धातच जाग येते का? ठणका कधी या नितंबात, कधी त्या नितंबात असतो का? किमान दोन उत्तरे 'हो' आली तर संशय घ्यायचा आणि मगच ती लपलेली सूज पाहायला एमआरआयकडे वळायचे. आपल्याकडे विशीतल्या पोराची कंबर धरली की 'जड उचललं असशील, पडून राहा' म्हणतात. या आजारात तोच सल्ला उलटा पडतो.

जर्मन रुग्णांनी हे आधीच ओळखले होते. 1980 मध्ये त्यांनी आपली देशव्यापी संघटना काढली, तिचे कार्यालय श्वाइनफुर्टला. तिचे गावोगावचे गट एकत्र व्यायाम करतात, काही कोमट पाण्यात. डॉक्टरांनी लिहून दिले तर ठरावीक काळ खर्च आरोग्य विमा उचलतो. औषध आले म्हणून हे वर्ग बंद पडले नाहीत.

तरीही जर्मनीत पहिल्या ठणक्यापासून निदानापर्यंत सरासरी पाचहून अधिक वर्षे जातात, आणि बायकांना त्याहून जास्त. दीर्घकाळ हा पुरुषांचाच आजार मानला गेला. बायकांच्या कण्यात बांबू उशिरा उमटतो किंवा उमटतच नाही, त्यामुळे त्यांची पाठ दुखते म्हटले तरी ते चार प्रश्न फारसे कोणी विचारत नसे.