पिक्चरच्या आधीचे पिक्चर

फिल्म्स डिव्हिजनचा अनुबोधपट हा अनेक दशके भारतातल्या चित्रपटगृहांमधला ठरलेला विधी होता. दिवे मालवले की पडद्यावर ‘फिल्म्स डिव्हिजन की भेंट’ ही अक्षरे उमटत. मग एखादे धरण, पूर, उद्घाटनाची फीत आणि त्यावर घोगऱ्या, ठाशीव आवाजातले निवेदन. त्या पंधरा-वीस मिनिटांत लोक बॅटरीच्या उजेडात खुर्च्या शोधत आणि शेंगदाण्यांच्या पुड्या सोडत. थिएटरवर पोचायला उशीर झालाच, तर ‘अजून डॉक्युमेंटरीच चालू असेल’ हा दिलासा असे. याच वेळेत, साधारण १९६५ ते १९७२ या काळात, भारतात बनलेले काही सर्वांत धीट आणि चाकोरीबाहेरचे छोटे चित्रपट दाखवले गेले. असंख्य लोकांच्या डोळ्यांसमोरून ते गेले आणि फार थोड्यांच्या लक्षात राहिले.

या व्यवस्थेचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. युद्धप्रचारासाठी ब्रिटिश सरकारने १९४० मध्ये फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड नेमले आणि १९४३ मध्ये ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ ही संस्था काढली. थिएटरांनी सरकारी चित्रपट दाखवलेच पाहिजेत, हा नियमही युद्धकाळातलाच. प्रचारामुळे बदनाम झालेली ही संस्था १९४६ मध्ये गुंडाळली गेली. परिणामी १९४७ च्या सत्तांतराच्या वेळी सरकारकडे स्वतःचे चित्रीकरण पथकच नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झाली. पुढे पेडर रोड हा तिचा कायमचा पत्ता झाला.

नव्या सरकारने संस्था नवी काढली, पण सक्ती जुनीच ठेवली. थिएटरच्या परवान्यातच ती अट घातलेली असे. दर आठवड्याला समाचारचित्र किंवा अनुबोधपट दाखवायचा, आणि वर त्याचे भाडे म्हणून निव्वळ उत्पन्नाच्या एक टक्क्यापर्यंत रक्कम द्यायची. थिएटरमालकांना हे जाचक वाटे आणि प्रेक्षकांना कंटाळवाणे. पण या सक्तीचा एक परिणाम कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. चित्रपट चालेल की पडेल ही चिंताच इथल्या दिग्दर्शकाला उरली नाही. चित्रपट कसाही असो, तो देशभर लागणारच होता. असे स्वातंत्र्य त्या काळात कोणत्याही खासगी निर्मात्याच्या वाट्याला आले नाही. ते वापरायला मात्र सतरा वर्षे लागली.

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत संस्थेचा साचा पक्का झाला होता. आधी निवेदन लिहायचे, मग त्यावर चित्रे बेतायची, आणि तेच निवेदन डझनभर भाषांत ध्वनिमुद्रित करायचे. इंदिरा गांधी माहिती व नभोवाणी मंत्री असताना, १९६५ मध्ये, जहांगीर भावनगरी यांना सल्लागार म्हणून बोलावण्यात आले. भावनगरी मूळचे मुंबईचे पारशी. पन्नासच्या दशकात त्यांनी याच संस्थेत काम केले होते आणि नंतर ते पॅरिसला युनेस्कोत होते. जादूचे प्रयोग आणि मातीची भांडी घडवणे हे त्यांचे छंद. निवेदनाची कुबडी काढून घेतली की चित्र स्वतःच्या पायांवर उभे राहते, हे त्यांना कळत होते. संस्थेतल्या तरुणांना त्यांनी मोकळीक दिली आणि बाहेरच्या कलावंतांसाठी दारे उघडली. ते फक्त दोन वर्षे राहिले, पण तेवढ्यात वारे फिरले.

बाहेरून आलेल्यांत पहिले नाव मकबूल फिदा हुसेन यांचे. पंढरपुरात जन्मलेल्या आणि उमेदवारीच्या काळात मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवलेल्या या चित्रकाराने राजस्थानात जाऊन ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ (१९६७) बनवला. त्यात गोष्ट नाही. छत्री, कंदील, जोडा, गाय अशा वस्तू आणि प्राणी वाळवंटात, किल्ल्यांत, गल्लीबोळांत पुन्हा पुन्हा समोर येतात आणि दरवेळी वेगळ्या वाटतात. त्या वर्षीच्या बर्लिन महोत्सवात लघुपटांचे ‘गोल्डन बेअर’ या चित्रपटाला मिळाले.

एस. एन. एस. शास्त्री संस्थेतच कॅमेरामन म्हणून घडले. त्यांच्या ‘आय ॲम ट्वेंटी’मध्ये (१९६७) स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली मुले-मुली कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने बोलतात. कोणाला देश पालथा घालायचा आहे, कोणाला नोकरीची काळजी आहे. देशाबद्दल आपल्याला प्रेम वाटत नाही, असे सरळ सांगणाराही त्यात आहे, आणि ते वाक्य सरकारी चित्रपटात राहू दिले गेले. त्याच वर्षी के. एस. चारी यांनी ‘फेस टू फेस’मध्ये लोकशाहीबद्दल सामान्य माणसांची मते घेतली. शास्त्रींनी पुढच्या वर्षी ‘अँड आय मेक शॉर्ट फिल्म्स’मध्ये कॅमेरा आपल्याच धंद्याकडे वळवला. सरकारसाठी अनुबोधपट बनवणारा माणूस नेमके काय करतो, हा प्रश्न त्यात तुकड्यातुकड्यांतून, वेगवान आणि अस्वस्थ संकलनातून विचारला आहे.

एस. सुखदेव यांच्या ‘इंडिया ६७’मध्येही निवेदन नाही. सुमारे तासाभरात तो देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतो. उभ्या केलेल्या सायकलवर तंगडी वर करणारे कुत्रे त्यात दिसते. अशा बारीक तपशिलांचे सत्यजित राय यांनी आवर्जून कौतुक केले होते.

पण या सगळ्यांत सर्वांत दूरवर गेले ते प्रमोद पती. ओडिशाचे पती प्रागला जाऊन बाहुल्यांच्या ॲनिमेशनचे प्रख्यात कलावंत यिरी त्रंका यांच्याकडे शिकून आले आणि फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात रुजू झाले. कुटुंबनियोजनासारखा सरकारी विषयही त्यांनी ‘क्लॅक्सप्लोजन’मध्ये चक्क खेळ करून टाकला. ‘एक्सप्लोरर’ (१९६८) सात मिनिटांचा आहे. नाचणारी तरुण मुले, प्रयोगशाळेतली यंत्रे, देवाधर्माची चिन्हे यांचे झोत डोळ्यांवर आदळत राहतात. चित्र क्षणात उजळते, क्षणात निगेटिव्ह होते. सोबत विजय राघव राव यांचे संगीत आहे. बासरीवादक असलेल्या राव यांनी या काळातल्या कितीतरी प्रयोगांना ध्वनी दिला आणि त्यांचे श्रेय आजवर फार कमी मोजले गेले आहे. ‘ट्रिप’मध्ये (१९७०) मुंबईचा दिवस भराभर पळत जातो.

पतींची पद्धत समजून घ्यायला ‘आबिद’ (१९७२) पाहावा. चित्रकार आणि लेखक आबिद सुरती एका खोलीत भिंती, जमीन, सामानसुमान रंगवत सुटतात. बाहुली इंचभर हलवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायची, ही रीत पतींनी इथे जिवंत माणसाला लावली आहे. सुरती एका जागी थांबत, कॅमेरा एक चौकट घेई, मग ते किंचित सरकत. सलग पाहताना माणूस चालत नाही, घरंगळतो. रंग लावले जात नाहीत, तर भिंतीतून उगवतात. पाच मिनिटांच्या चित्रपटासाठी अशा हजारो चौकटी लागतात. ते कष्ट पडद्यावर कुठेही दिसत नाहीत, दिसतो तो केवळ आनंद. पती १९७५ मध्ये गेले, तेव्हा त्यांनी पंचेचाळिशीही ओलांडलेली नव्हती.

चित्रकारांपैकी तैयब मेहता यांचा ‘कूडल’ (१९७०) मात्र आनंदाचा नाही. मेहता जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जाण्याआधी चित्रपटांच्या संकलनात काम करत होते. त्यांनी वांद्र्याच्या कत्तलखान्यात कॅमेरा नेला. त्यांच्या चित्रांतून वारंवार येणारा जखडलेला बैल इथे प्रत्यक्ष कोसळताना दिसतो. सोळा मिनिटांचा हा चित्रपट दुबळ्या मनाच्या प्रेक्षकासाठी नाही. पण मेहतांची चित्रकला कळायला याहून जवळची वाट नाही. त्याच सुमारास चित्रकार अकबर पदमसी यांनी मुंबईतच, सरकारी छत्राबाहेर, आपल्या कार्यशाळेत ‘सिझिजी’ हा निव्वळ रेषा आणि ठिपक्यांचा मूकपट केला. राम मोहन यांनी त्याचे ॲनिमेशन केले. तेही फिल्म्स डिव्हिजनमध्येच तयार झालेले.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ही लाट ओसरली. आणीबाणीत संस्थेला पुन्हा प्रचाराला जुंपले गेले. तरीही झरे आटले नाहीत. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी मुलांसाठी रचलेला ‘एक अनेक और एकता’ (१९७४) फिल्म्स डिव्हिजनचाच. भीमसेन यांचे ॲनिमेशन आणि वसंत देसाई यांचे संगीत असलेला हा चित्रपट दूरदर्शनमुळे घरोघरी पोचला. दिग्दर्शक मणी कौल यांनी ‘चित्रकथी’ (१९७७) केला; चित्रे दाखवत कथा सांगण्याची ही परंपरा आजवर टिकवली ती कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर समाजाने. ‘अरायव्हल’मध्ये (१९८०) कौल यांनी मुंबईत येणारी फुले, भाज्या, बकऱ्या आणि मजूर एकाच नजरेने दाखवले. बाजारात सारेच माल होऊन येतात, हे त्यांना निवेदनाचा एक शब्दही न वापरता सांगता आले.

यानंतर थिएटरातली सक्ती ढिली पडत गेली, दूरचित्रवाणीने बातम्यांचे काम हाती घेतले आणि जुनी रिळे कपाटांत गेली. २०१२ पासून पेडर रोडवर ‘एफडी झोन’ या नावाने नियमित खेळ सुरू झाले, तेव्हा नव्या पिढीने पती आणि शास्त्री यांना पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर पाहिले. २०१९ मध्ये याच आवारात राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय खुले झाले. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. या चित्रपटांपैकी बरेचसे आता यूट्यूबवर पाहता येतात.

नव्या प्रेक्षकाने सुरुवात ‘आय ॲम ट्वेंटी’पासून करावी, कारण तिथे बोलणारी माणसे हात धरून आत नेतात. त्यानंतर ‘आबिद’ आणि ‘ट्रिप’, मग हुसेन, मग शास्त्रींचा दुसरा चित्रपट. ‘एक्सप्लोरर’ रात्री, आवाज मोठा ठेवून आणि लगोलग दोनदा पाहावा. पहिल्या वेळी डोळे दिपतात, दुसऱ्या वेळी दिसू लागते. ‘कूडल’ शेवटी ठेवावा आणि त्याच्या मागे दुसरे काही लावू नये. हे सगळे मिळून दोन तासही होत नाहीत.