रेघ तीच, स्वर वेगळा

आज लढाई नाही, तह नाही, किल्लाही नाही. आज एका रेघेचा इतिहास सांगायचा आहे. वेदांच्या छापील पुस्तकात अक्षराच्या डोक्यावर उभी आणि पायाशी आडवी अशी बारीक रेघ असते. ती संगणकावर नीट कशी उमटवायची, हे मी निवृत्तीनंतर शिकायला बसलो. सॉफ्टवेअर काही दिवसांत हाताशी आलं. रेघेचा अर्थ समजायला त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागला.

वेदपठणात उदात्त, अनुदात्त आणि स्वरित असे तीन मुख्य स्वर. ऋग्वेदाच्या पद्धतीत अनुदात्ताखाली आडवी रेघ, स्वरितावर उभी रेघ, आणि ज्याला प्रमुख म्हणायचं त्या उदात्ताला काहीच खूण नाही! 'अ॒ग्निः' हा शब्द बघा. 'अ' अनुदात्त, म्हणून खाली रेघ. 'ग्निः' उदात्त, म्हणून कोरा. स्वरितानंतरची काही अक्षरंही कोरीच असतात, त्यामुळे कोरं दिसलं की उदात्त, असंही म्हणता येत नाही. मागचं-पुढचं पाहूनच ठरवायचं.

एवढ्याशा रेघेनं काय बिघडतं? त्वष्ट्याची जुनी कथा तुम्हाला ठाऊक असेल. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्यानं यज्ञ केला, पण 'इन्द्रशत्रु' हा शब्द उच्चारताना स्वर चुकला. 'इ॒न्द्र॒श॒त्रुः' म्हटलं, तर तत्पुरुष समास : इंद्राचा वध करणारा. 'इन्द्र॑शत्रुः' म्हटलं, तर बहुव्रीही : इंद्र ज्याचा वध करणारा आहे तो. अक्षरं तीच. त्वष्ट्याच्या तोंडून दुसरा स्वर निघाला आणि वृत्र मारला गेला. पतंजलीनं महाभाष्याच्या सुरुवातीलाच हे उदाहरण घेतलं आहे. आता हे दोन शब्द पुन्हा पाहा. एकात खाली तीन रेघा, दुसऱ्यात वर एक. प्रूफ वाचणाऱ्याची डुलकी केवढ्याला पडेल!

सैन्यात आम्हाला पहिला धडा असतो तो नकाशाचा. नकाशा हातात आला की आधी समासातली खुणांची सूची वाचायची. वेदांच्या बाबतीत ही सूची शाखेगणिक बदलते. मैत्रायणी आणि काठक संहितेत डोक्यावरची उभी रेघ उदात्त दाखवते. शतपथ ब्राह्मणात खालची आडवी रेघ उदात्ताची, म्हणजे ऋग्वेदाच्या अगदी उलट. सामवेदाच्या संहितेत तर रेघांऐवजी अक्षरांवर १, २, ३ हे आकडे येतात.

हस्तलिखितांत स्वर बहुधा लाल शाईनं काढत. छपाई आली तेव्हा हे सगळं शिशाच्या खिळ्यांत बसवावं लागलं. मॅक्स म्युलरचा सायणभाष्यासह ऋग्वेद १८४९ ते १८७४ या काळात सहा खंडांत छापला गेला. आपल्याकडे पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळानं ते काम पुन्हा हाती घेतलं, आणि पंडित सातवळेकरांनी औंधहून व नंतर गुजरातेतल्या पारडीहून सस्वर संहिता घरोघरी पोहोचवल्या. त्या जुळाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

संगणकावर सुरुवातीला प्रत्येक फॉन्टचा कारभार वेगळा होता. फॉन्ट बदलला की स्वराच्या जागी भलतंच अक्षर! टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत १९९१ साली नेदरलँड्सच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी देवनागरी आणली. पुढे चार्ल्स विकनर यांच्या संस्कृत संचानं वैदिक स्वरांची चांगली सोय केली. मग युनिकोड आलं, आणि तिथे एक मौज झाली. उभ्या रेघेला संकेतांक मिळाला ०९५१ आणि नाव पडलं 'उदात्त'. ऋग्वेदी माणूस म्हणणार, अहो, हा तर स्वरित! युनिकोडमध्ये एकदा दिलेलं नाव बदलत नाहीत. त्यामुळे नाव तसंच राहिलं आणि शेजारी टीप आली की ही खूण बहुतेक वेळा स्वरितासाठी वापरतात. सरकारी दफ्तरात वावरलेल्यांना ही तऱ्हा नवी नाही.

मी काम करतो ते झीटेकवर. ते फुकट मिळतं आणि युनिकोड थेट समजतं. फॉन्ट मुंबईच्या आयआयटीचा 'शोभिका'. त्यात वैदिक खुणा आहेत आणि तोही मोफत आहे. शिकणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अक्षराला विसर्ग किंवा अनुस्वार असेल तर तो आधी टंकावा आणि स्वर नंतर. क्रम उलटला तर काही प्रणालींत मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ येतं. दुसरं, जुन्या पोथीसारखी लाल रेघ हवी असेल तर नुसती रेघ रंगवायला जाऊ नका. रंग बदलताच ती अक्षरापासून सुटते. त्यासाठी लुआटेकची वाट धरावी.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मजकुरात रेघ टंकूच नये, स्वराचं नाव टंकावं. टेकमध्ये स्वतःच्या आज्ञा बनवता येतात. उदात्त, अनुदात्त, स्वरित अशा तीन आज्ञा करायच्या, आणि कोणत्या शाखेत कुठे कोणती रेघ पडेल हे वेगळ्या फाइलीत लिहायचं. म्हणजे खुणांची सूची नकाशाबरोबरच राहते. उद्या कुणी शतपथाचा उतारा ऋग्वेदाच्या चष्म्यातून वाचू लागला, तरी मूळ फाइल उघडली की खरा स्वर सापडेल. नुसत्या रेघा टंकलेल्या मजकुरात ही खात्री नाही, आणि जाळ्यावरचा बराचसा सस्वर मजकूर अजून तसाच आहे.

तैत्तिरीय शाखेत दीर्घ स्वरितावर दोन उभ्या रेघा देतात. त्या दुहेरी रेघेला स्वतःचा संकेतांक २००९ साली, युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत मिळाला. त्याच वेळी सामवेदाचीही व्यवस्था लागली : अक्षराच्या डोक्यावर बसणारे शून्य ते नऊ असे दहा अंक आणि त्यांच्या जोडीला अ, उ, क, र अशी आठ चिन्हं. सध्या मी त्यांच्याशीच झगडतो आहे.